आत माणूस आहे

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. भारी शब्द मला येत नाहीत. झालं ते झालं तसं लिहितो.

माझं नाव योगेश. आमचा तांडा कळमनुरीच्या पुढे, माळावर. शाळा सुटल्यावर मोबाईलवर बघून बघून मी प्रोग्राम लिहायला शिकलो आणि आखाडा बाळापुरात रणजीत सरांकडे कामाला लागलो. खताच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर. युरियाचा वास घरी गेल्यावरही शर्टात राहायचा. सर एक डबी बनवतात. ती विहिरीवरच्या स्टार्टरला जोडली की शेतकरी घरी बसून फोनवरून मोटर चालू-बंद करतो. डबीत सिमकार्ड असतं.

माझं काम एरर शोधायचं. कॉम्प्युटर डबीला 'चालू' सांगतो, डबी १ हा आकडा परत पाठवते. 'बंद' सांगितलं की ०. तेच उत्तर माझ्या फोनवरही येतं. डबीला एवढंच येतं, एक आणि शून्य.

माझ्या आधी त्या खुर्चीवर शिवशंकर नावाचा पोरगा होता. तो पुण्याला गेला, असं सर म्हणाले होते. त्याने चाचणीसाठी पुसेगावच्या पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याच्या डबीचा नंबर टाकून ठेवला होता. ती डबी वर्षभर बंद होती. बंद डबीकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्राम काय करतो, ते बघायला मला ती बरी वाटली.

मंगळवारी दुपारी मी तिला 'चालू' पाठवलं. बारा वाजून गेले होते. खालच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंखा तेवढा टकटक करत होता. उत्तर यायला नको होतं. आलं.

थांबा. आत माणूस आहे.

मराठीत. मी खुर्ची मागे सरकवली. मग हसू आलं. शिवशंकरने जाताना गंमत म्हणून लिहून ठेवलं असणार. सगळ्या फायलींत ती ओळ शोधली. कुठेच नव्हती. सगळं पुसून प्रोग्राम नव्याने टाकला. बुधवारी दुपारी पुन्हा तीच ओळ. नेटची वायर काढली. ओळ आली. शेवटी कॉम्प्युटरला जोडलेल्या मशीनमधलं सिमकार्ड काढून हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

थांबा. आत माणूस आहे.

हातातलं सिम घामाने ओलं झालं होतं.

मला सरांचाच संशय आला. ते मला 'नववी पास' म्हणून चिडवायचे. नवीन पोराची फजिती करायला असं कुणीही करेल. म्हणून मी त्यांना पडद्यापुढे बसवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सर हसले नाहीत. ओळ पुरती वाचलीही नाही. स्क्रीन बंद केली.

"तूच लिहून राहिला का हे?" ते म्हणाले.

"न्हाई सर."

"मग कोण? शिवशंकर?" आणि लगेच, "तो नंबर काढून टाक. आजच्या आज."

मी शिवशंकरचं नाव घेतलंच नव्हतं.

नंबर काढला. त्या जागी आमच्याच विहिरीच्या डबीचा नंबर टाकला. सरांनी ती डबी पंधरा दिवसांपूर्वी तांड्यात बसवून दिली होती. गुरुवारी ठीक चाललं. एक, शून्य, एक, शून्य. मोटर खरोखर चालू-बंद होत होती, म्हणून चाचणी चालू आहे असं मी दीपाला, माझ्या बहिणीला, सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी सर मागे उभे होते. सोमवारी चाळीस शेतकऱ्यांना डब्या द्यायच्या होत्या. मी 'चालू' पाठवलं. एक यायला हवा होता.

थांबा. आत माणूस आहे.

"ती ओळ आली की सोडून पुढं जायला सांग प्रोग्रामला," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "उत्तराची वाटच बघायची न्हाई. सरळ चालू."

मी तसं लिहिलं. दोन ओळींचं काम. एंटर दाबायचं राहिलं होतं.

"दाब की लेका! काहून थांबला?"

"एक फोन करतो सर..."

"कोणाला?"

मी सांगितलं नाही. दीपाला फोन लावला.

"दीपा, बा कुठं हाय?"

"विहिरीत उतरलाय, भिया. पाइपाच्या तळाला, फुटव्हॉल्व्हमध्ये गाळ अडकलाय म्हणला."

"फ्यूज काढला का त्यानं?"

आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस स्टार्टरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. बायकोच्याही हातात देत नाही. तो वर आला की फ्यूज वर येतो, मगच मोटर चालू. कुणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

"न्हाई," दीपा म्हणाली. "तो म्हणला, आता मोटर फोनवरूनच चालू व्हती, अन् फोन तुज्याजवळ हाय, मग फ्यूज कशाला..."

मी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. सर तो ओढायला आले नाहीत. ते भिंतीला टेकले होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

संध्याकाळी घरी गेलो. बा, म्हणजे लालसिंग, माझा बाप, बाजेवर बसून चहा पीत होता. त्याने माझ्यापुढे एक फ्यूज ठेवला. चिनी मातीचा, चिखलाने काळा झालेला.

"गाळात हाताला लागला. आपला न्हाई हा."

मी धुतला. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

त्या रात्री झोप लागली नाही, पण दुसरं काही घडलं नाही. घडलं ते सकाळी.

ती ओळ पहिल्यांदा पुंजाजीच्या डबीकडून आली होती, म्हणून सकाळी फ्यूज खिशात घालून मी गाडी काढली. पुसेगाव आमच्यापासून दीड तास. दोन ठिकाणी विचारल्यावर पुंजाजीचं शेत सापडलं. म्हातारा माणूस, डोक्याला टॉवेल. मी डबीचं काम करतो म्हटल्यावर त्याने बसायलाही सांगितलं नाही.

"ते पोरगं तुमच्याकडंच व्हतं ना," तो म्हणाला. "शिवशंकर."

"पुण्याला गेला..."

"कोण म्हणलं? हितंच गेलं ते." त्याने लिंबाखालच्या विहिरीकडे हात केला. "मागच्या वर्षी. भर दुपारी. वायर बघायला उतरलं. अन् तिकडून तुमच्या सायबानं कॉम्प्युटरवर बटन दाबलं. पाण्यात करंट आला."

"त्यानं फ्यूज काढला नव्हता का?"

"काढला व्हता. शाना व्हता पोरगा. माज्यासमोर खिशात घातला." पुंजाजी जमिनीकडे बघू लागला. "पन फ्यूज सारखा उडायचा, म्हणून म्या आतून तार बांधली व्हती. फ्यूज काढला तरी मोटर चालू व्हायची. त्याला सांगायचं ध्यानातच आलं न्हाई मला... कोनालाच सांगितलं न्हाई म्या हे. तुला काहून सांगून राहिलो, कोन जाने."

शिवशंकरला वर काढलं तेव्हा त्याच्या खिशात फ्यूज नव्हता, असंही पुंजाजी म्हणाला.

आम्ही लिंबाकडे गेलो. डबी बुंध्याला लटकलेली, मुंग्यांनी भरलेली. खांबावरून येणारी वायर कापलेली होती. स्टार्टरचं झाकण उघडलं. तीन खाचा. दोन फ्यूज जागेवर, दोन्हीवर लाल ठिपका. "आमच्या सुनेनं लावलेत, शेजाऱ्याचे बदलू नये म्हणून," पुंजाजी म्हणाला. तिसरी खाच रिकामी. मी खिशातला फ्यूज लावून बघितला. बराबर बसला.

फोन थरथरला. तोच नंबर, पुंजाजीच्या डबीचा.

थांबा. आत माणूस आहे.

तेव्हा मला बांधावर उभी असलेली मोटारसायकल दिसली. सरांची. मी फ्यूज ओढून काढला, खिशात घातला आणि विहिरीच्या काठावर गेलो. खालून शेवाळाचा आणि सडक्या पानांचा वास आला.

"सर!"

"योगेश..." खालून आवाज आला. सर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. दोन्ही हात गाळात. "मोटर चालू करू नको रे..."

"वर या सर. काय शोधून राहिलात?"

"फ्यूज. सापडत न्हाई. तूच तर पहाटे फोन केला... म्हणला, खाली हाय, उतरा, तुमीच काढून द्या."

मी फोन केला नव्हता. मी ते त्यांना तेव्हा सांगितलं नाही. फ्यूज खिशातून काढून वरून दाखवला, तसे ते रडायला लागले. मी चार पायऱ्या उतरून हात दिला. एकेक पायरी करत ते वर आले आणि काठावर पालथे पडले. "म्या बघितलं न्हाई रे," एवढंच म्हणत होते. "बटन दाबायच्या आधी इचारलं न्हाई..." पुंजाजीने डोक्याचा टॉवेल काढून त्यांच्या अंगावर टाकला.

आम्ही तिघंही वर होतो. पाणी हलायचं थांबलं होतं.

फोन पुन्हा थरथरला.

थांबा. आत माणूस आहे.

मी सरांना दाखवलं नाही. स्टार्टरजवळ गेलो, उरलेले दोन फ्यूजही काढले, खिशात घातले आणि विहिरीकडे तोंड करून बसून राहिलो.