झाकण काढलेला मायक्रोवेव्ह

“हात मागे घ्या!”

मी ओरडले तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. श्रीरामपुरात माझं आणि वडलांचं, म्हणजे अण्णांचं, विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुपारी मी एका इमारतीत वॉशिंग मशिन बघायला चालले होते. जिन्यालगतचं एक दार सताड उघडं... आत एक तरुण, पुढ्यात झाकण काढलेला मायक्रोवेव्ह, आणि बोटं थेट तारांकडे निघालेली.

तो दचकला. “प्लग काढलाय की!”

“काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. जीव घेईल इतका.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझ्या अण्णांचा उजवा हात त्यानंच निकामी केलाय.”

तो मागे सरकला.

“भिंतीपाशी थांबा. जवळ यायचं न्हाई.” मी रबरी हातमोजे चढवले, पिशवीतली साठलेला करंट उतरवायची काठी काढली. हे काम अण्णा शेजारी नसताना मी कधीच केलं नव्हतं.

काठीचं टोक कपॅसिटरला टेकवलं.

चट्ट! निळी ठिणगी.

पुन्हा टेकवलं... आता आवाज नाही.

“हे माझ्या बोटाला बसलं असतं?” त्यानं विचारलं.

“बोटावर भागलं नसतं.”

तो मटकन खुर्चीत बसला. “आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उद्या घरी येतीय. तिला गॅसपाशी जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून घाई केली. आत ठिणग्या उडत होत्या.”

मी आत टॉर्च मारला. बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा अन्नाचे शिंतोडे उडून करपला होता. “हाच बदलायचा. झाकण उघडायचं कामच नव्हतं!”

“लई शहाणपणा केला मी.”

मला हसू फुटलं — आणि मग मी हातमोजे काढून खाली टेकले. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी पिऊन होईस्तोवर त्यानं नजर हलवली नाही.

पिशवीतल्या अभ्रकाचा नवा तुकडा कापून बसवला, झाकणाचे स्क्रू आवळले, आत पाण्याचा कप ठेवून बटण दाबलं. एक मिनिट... दोघंही काचेत बघत उभे. ठिणगी नाही. कपातून वाफ!

“मी कल्याण,” तो म्हणाला. “तुम्ही?”

“रेश्मा.”

“रेश्माताई म्हणायला पाहिजे खरं तर... पण जीभ वळंना.”

“मग नका म्हणू,” माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी पिशवी उचलून पळालेच.

रविवारी तो पत्ता विचारत दुकानात आला. हातात काहीच नव्हतं.

“काय बिघडलंय?” अण्णांनी विचारलं.

“काहीच न्हाई, काका.” त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरळ अण्णांकडे. “रेश्माला भेटायला आलोय. तुमची हरकत नसंल तर... रोजच यावं म्हणतो.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. दुकानात एकच स्टूल होतं, त्यावर एक मिक्सर.

मी मिक्सर उचलून खाली ठेवला. “बसा.”