शीव बांधलेला सोमवार

या, थोडं जवळ सरकून बसा. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. आज एका हरवलेल्या दिवसाची गोष्ट ऐकवायची आहे.

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे नमिराची एक खोली होती. खाजगी शोधकाम करायची. नजर तिखट, बोलणं कमी. सोबतीला गोकुळ. रिक्षा त्याची, भजनाचा गळाही त्याचाच; डोकं मात्र सावकाश चालायचं.

त्या सकाळी सातपुड्यातली नानीबाई दारात उभी राहिली.

"ताई, सरकारी बंधाराना लोखंडी दरवाजा निसटना, मन्हा घरवाला रेवजीना उजवा हात गया. भरपाईना अर्ज करेल व्हता. साहेब म्हणतस, मुदत सोमवारले सरनी, अर्ज मंगळवारले उना. जीपवाला दिलवरसिंग म्हणस, सोमवारलेच खिडकीमा दिधा. कोणीतरी खोटं बोली ऱ्हायना."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"लोणखेडाले, कापूस येचाले. गावमा वाघदेवनी पूजा झायी, तीबी चुकनी."

"भरपाई नाही मिळाली तर?"

नानीबाईने पदर तोंडाला लावला. "ऊसतोडना ट्रक. कोयताले जोडी लागस, ताई. बापनी जागावर पोर सोनमले नेवो पडी. तिनी शाळा सुटी…"



"खोटा कारकूनच शे!" रिक्षा सुरू करताना गोकुळ म्हणाला. "मी आत्तेच सांगस."

"मग मला कशाला नेतोस?" नमिरा म्हणाली.

तळोद्याच्या कचेरीसमोर अर्ज टाइप करणारे इद्रिसचाचा झाडाखाली बसले होते. "बेटी, शनिवारी मी अर्ज दिलवरसिंगच्या हातात दिला. त्या गावाला दुसरी गाडीच नाही. रेवजीचा अंगठा घेऊन सोमवारी खिडकीत टाक, सोमवार आखरी दिन, असं बजावलं. तो हसला, म्हणाला, चाचा, मी काय बहिरा आहे?"

खिडकीमागचा कारकून दिनेश वैतागलेलाच होता. "मंगळवारी आला तो, मी खिडकी उघडताच. हे बघा काय करून गेला." खिडकीच्या गजावर नारिंगी, तेलकट डाग होता. "हात तरी पूस म्हणून ओरडलो मी. सोमवारी आला असता तर घेतला नसता का? माझ्या घरचं जाणार होतं?"

"मिरचीना हात व्हई," गोकुळ पुटपुटला.

नमिराने बोट लावून त्याच्या नाकापाशी धरलं. "शिंक बघू."

गोकुळला शिंक आली नाही.

जीपच्या थांब्यावर दिलवरसिंग टायर बघत होता.

"सोमवारीच दिला, ताई."

"घे वाघदेवाची शपथ."

"देवाला यात कशाला ओढता?"

"बरं. बॉनेटवर शेंदूर छान लावलाय."

त्याचा चेहरा खुलला. "पूजेच्या दिवशी शीव बांधतात. माणूस, गाडी, काडीसुद्धा गावाबाहेर जात नाही. दुसऱ्या सकाळी शीव सुटली की पुजारा आधी गाडीला शेंदूर लावतो, मग ड्रायव्हरच्या हाताला."

"पुजारा कोण तुमचा?"

दिलवरसिंग एकदम रस्त्याकडे बघायला लागला. "जीप लागणार का नाही तुम्हाला?"

"लागणार. रेवजीच्या गावी."

रेवजी अंगणात बसला होता. उजवी बाही रिकामी. डाव्या हाताशी मोरपिसं आणि शेंदराची वाटी. जीपमधून उतरून नानीबाई त्याच्यासमोर टेकली.

"कारकून खरं बोलला," नमिरा म्हणाली. "गजावरचा डाग मिरचीचा नाही. तेलात कालवलेला शेंदूर आहे तो. हाताला शेंदूर लागतो शीव सुटल्यावर. म्हणजे दिलवरसिंग खिडकीशी गेला तो पूजेच्या दुसऱ्या सकाळी, मंगळवारी. सोमवारी पूजा होती, जीप शिवेच्या आत अडकली होती."

"मंग खोटं का बोलना रे?" नानीबाई दिलवरसिंगवर उसळली.

"खोटं त्याचं नाही. स्वतःचं असतं तर त्याने शपथही घेतली असती. तो कुणालातरी झाकत होता. मी पुजाऱ्याचं नाव विचारलं आणि त्याची मान वळली." नमिराने वाटीकडे पाहिलं. "शीव बांधणारा पुजारा इथेच बसलाय."

रेवजीने मान वर केली नाही.

"दिलवर शिवेपर्यंत आलेला. आज शेवटचा दिवस, म्हणाला. पण सकाळीच गावातल्या दलसिंगला मी शिवेवरून माघारी फिरवलं होतं. बाजारात न्यायची त्याची भाजी सडून गेली. मग माझाच कागद कसा सोडू?" तो थांबला. "घरी सांगू नको, हेही मीच म्हटलं."

नमिराने तिथूनच दिनेशला फोन लावून उशिराचं कारण सांगितलं. थोड्या वेळाने त्याचा उलट फोन आला तेव्हा आवाज मऊ होता. "साहेबांना विचारून आलो, ताई. आजारपण, पूर, अशी कारणं चालतात. हे कारण बसत नाही म्हणाले."

नमिरा फोन हातात धरून उभी राहिली. कोणी चोर नव्हता. पकडायला कुणी उरलंच नव्हतं.

"माले इचारतास," नानीबाई हळूच नवऱ्याला म्हणाली, "ते मी शीव वलांडी जाती. मन्हा देव तुन्हा हात व्हता."

मग ती उठली. कुडात खोचलेला कोयता काढला, सोनमला हाक मारली आणि त्याची मूठ पोरीच्या हातात नीट बसते का ते बघू लागली.



मायबापहो, आता टाळ उचला. पण कीर्तन संपताना देवापुढे हात जोडाल, आणि तुमचे दोन्ही तळवे एकमेकांना लागतील, तेव्हा एक क्षण रेवजीची आठवण ठेवा. त्याला तेवढंही जुळत नाही.