सतरा नंबरचे थांबे

आंबेकोंडात विमान कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तरीही १९३१ सालच्या पौषात, भाताची झोडणी आटोपून शेते उघडी पडली त्या दिवसांत, पोलादपूरच्या वरच्या अंगाला सावित्रीकाठी वसलेल्या त्या पंचवीस घरांच्या वाडीत एका विमानाचे सारे थांबे तोंडपाठ झाले होते. बसरा, बुशायर, लिंगे, जास्क, ग्वादर, कराची. वाटेत कुणी चढो, कुणी उतरो. बसऱ्याला जो नंबर सतरा, तो कराचीलाही सतराच.

"असं कसं, काकी?" पांडू गडी पेंढा रचता रचता म्हणाला होता. "एवढ्या ठिकाणी थांबायचं नि नंबर एकच?"

"शिमग्याला देवाची पालखी पंचवीस दारांत थांबते," ठमाबाई म्हणाल्या. "म्हणून काय पंचवीस पालख्या होतात रे? पेंढा नीट लाव. तोंड कमी चालव."

ठमाबाईंचे बोलणे असे. नवरा गेल्यापासून वीस वर्षे त्यांनी एकटीने शेती राखली होती आणि वाडीत त्यांच्या शब्दापुढे कुणी शब्द ठेवत नसे. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की त्या उठून कामाला लागत. त्यांचा एकुलता एक मुलगा मालोजी बसऱ्याला विमानाच्या कंपनीत कारकून होता. कोण चढले, कोण उतरले, हे लिहून ठेवणे त्याचे काम. सून शकू आठव्या महिन्यात होती. तिची आधीची दोन मुले पाचवी पुजायच्या आतच गेली होती. म्हणून ठमाबाईंनी मुलाला पत्र धाडले होते, आणि ते पत्र नव्हते, हुकूम होता: ह्या खेपेस बापाने घरात असले पाहिजे. बोटीला वेळ लागेल, विमानाने ये. आणि जिथे जिथे थांबशील, तिथून तार कर.

आईचा शब्द मालोजीने कधी मोडला नव्हता. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे विमान थांबले की तिथून पुढच्या ठाण्याला तार जाई: नंबर, ठिकाण, उतारू किती. तिचीच नक्कल तो घरी पाठवू लागला. महाडच्या तारघरातले मुरारी मास्तर इंग्रजीखाली मराठी लिहीत. कागद मोटारीने पोलादपूरला येई आणि तिथून भागोजी पोस्टमन चढ चढून आणून देई.

"सतरा नंबर. बसरा. उतारू सहा."

बुशायरला सहा. लिंग्याला सहा. जास्कला सात. प्रत्येक तारेला शकू ओट्यावर येऊन बसे आणि पोटावर हात ठेवून ऐके. "कागद वाचला की लाथा मारतंय बघा, आत्याबाय," ती हसून म्हणे. "बापाची तार कळते मेल्याला."

पाचवी तार कंपनीची होती. जास्क सोडल्यावर विमान समुद्रात पडले. पंखाचा तुकडा हाती लागला. सातही उतारू बुडाले.

दीर येसाजी डोक्याचा रुमाल काढून अंगणातच बसले. म्हणाले, "वयनी, देह मिळायचा नाय. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा लागंल. सुतक धरू या."

शकू भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती सासूकडे पाहत होती, आणि त्या नजरेत एकच मागणे होते.

"शकूच्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाय," ठमाबाई म्हणाल्या. "अजून नाय."

तिसऱ्या दिवशी भागोजी आला. त्याने कागद ओट्याच्या कडेवर ठेवला आणि मागे सरला.

"सतरा नंबर. ग्वादर. उतारू सात."

"मास्तर म्हंतात, जुनी तार असंल, वाटेत तुंबलेली," भागोजी म्हणाला.

पण ग्वादर जास्कच्या पुढे होते. आणि त्यानंतर आली कराची. उतारू आठ.

ठमाबाईंनी दोन्ही कागद मांडीवर पसरले. त्यांना वाचता येत होते, आणि विचारही नीट करता येत होता. "ऐका, भावोजी. बुडालेल्या विमानात नवा माणूस चढेल? कंपनीची चूक झाली. दुसरंच कुठलं तरी विमान पडलं. ज्याची तार येते, त्याचा पुतळा जाळायचा?"

त्या दिवशी शकू प्रथमच पोटभर जेवली. तिला घास गिळताना पाहून ठमाबाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. आता मागे फिरणे नव्हते.

मग मुंबई. उतारू नऊ.

सतरा नंबर कराचीपुढे येत नाही, असे मालोजीनेच लिहिले होते. कराचीला उतरून तो बोट धरणार होता. ठमाबाईंनी त्यावर फार वेळ विचार केला नाही. मुलगा घराकडे येत होता, एवढे पुरे होते. अडचण एकच होती: ह्या डोंगरात विमानाला टेकायला जागा कुठे? मालोजीच्या जुन्या पत्रात सारे लिहिलेले होते. सहाशे पावले सपाट जमीन आणि मधोमध चुन्याचे मोठे गोल.

"नदीकाठच्या सहाही खाचरांचे बांध फोडा," त्यांनी हुकूम दिला.

कुदळी घेऊन आलेले गडी तसेच उभे राहिले. ते बांध सासऱ्यांच्या आज्याने घातले होते. बांध फुटला की पावसाळ्यात माती सावित्रीत जाते, आणि पुन्हा खाचर धरायला दोन पिढ्या लागतात.

"वयनी, वेड लागलं काय?" येसाजींचा आवाज चिरकला. "पोरगा गेला, आता जमीन घालवता?"

"पालखी यायची तर अंगण सारवावं लागतं ना? मग झालं तर."

"सुतकाच्या घरापुढं पालखी थांबत नाय, वयनी. तशीच पुढं जाते. धरा सुतक. जाऊ द्या त्याला पुढं."

"माझ्या दारावरून माझा पोर पुढं जाऊ देऊ?" ठमाबाईंनी पांडूच्या हातची कुदळ घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला.

चार दिवस वाडी खपली. बायकांनी ढेकळे फोडली, पाणी मारले, चोपण्यांनी जमीन बडवली. शकू बांधाच्या झाडाखाली बसून हे बघे. काम चालू असतानाच महाडच्या खालच्या दासगाव बंदराची तार आली. उतारू दहा. शेवटच्या दिवशी ठमाबाईंनी स्वतःच्या हाताने चुन्याचे गोल काढले. रेघ कुठेही वाकडी गेली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी भागोजी आला नाही. मुरारी मास्तर स्वतः आले. काळा कोट, पायांवर पोलादपूरपासूनची धूळ. त्यांनी पाणीही घेतले नाही.

"ठमाबाई, ही तार महाडची आहे. माझ्याच तारघरातून सुटलेली. त्या वेळी यंत्रापुढे मी एकटा बसलो होतो, आणि मी ती सोडलेली नाही."

"सतरा नंबर. महाड. उतारू अकरा."

"विमान बघितलंत?" ठमाबाईंनी विचारले.

"महाडात विमान आले नाही. दासगावातही आले नाही. मी चौकशी केली." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दासगावचा एक तरीवाला भर दुपारी होडी बांधत होता. त्याने वर पाहिले, खाली बसला आणि जागीच गेला. काल कचेरीच्या पायऱ्या उतरताना एक पक्षकार तसाच थबकला. वर पाहिले. यंत्रापुढच्या खिडकीतून मी पाहत होतो. वर काहीही नव्हते, ठमाबाई. तो पायरीवर बसला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. तारेवर तीच वेळ आहे."



"दर थांब्याला एक चढतो आहे," मास्तर हळूच म्हणाले. "उतरत कुणीच नाही."

ठमाबाईंनी खाली पाहिले. नदीकाठी सहाशे पावले जमीन आरशासारखी सपाट पडली होती आणि तिच्या मधोमध गोल पांढरे होते. ह्या डोंगरात कुठेही थांबा नव्हता. तो त्यांनी केला होता.

"बांध घाला!" त्या किंचाळल्या. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज फाटला. "पांडू! सगळे या रे! बांध घाला!"

पण ऐकलेल्यांनी घरे गाठून दारे लावली होती. पांडू तेवढा आला. येसाजी आले. ठमाबाई पदर खोचून ढेकळे उचलत राहिल्या, चुना पायांनी पुसत राहिल्या. पुसावा तितका तो पसरत होता. ऊन डोक्यावर आले.

"भावोजी, पांडूला घेऊन घरात जा. शकूला माजघरात न्या, दार लावा. कुणी वर बघायचं नाय."

"आणि तुम्ही, वयनी?"

"दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाय मी. मी चढते."

पांडूचा दंड धरून येसाजी गेले.

ठमाबाई चुन्याच्या गोलात जाऊन उभ्या राहिल्या.

प्रथम पाखरे गप्प झाली. मग भात भरडायच्या गिरणीसारखी घरघर, लांबून, खालच्या अंगाने, नदीच्या वळणावळणाने वर येणारी. वारा सुटला. त्याला समुद्राचा वास होता.

आभाळ कोरे होते.

जमिनीवर मात्र सावली आली. लांब, पंखांची. ती खाचरांवरून घसरत आली आणि ठमाबाईंच्या पायांपाशी थांबली.

"मालू," त्या म्हणाल्या. "आलास रे?"

घरघर बारीक झाली. कुणीतरी वाट पाहावी तशी.

"मला घे. मी तयार हाय. दुसऱ्या कुणाला हात लावू नको. आईचा हुकूम हाय."

त्यांनी सावलीत पाऊल टाकले. पायाला गारवा लागला. त्यांनी डोळे मिटले आणि थांबल्या. फार वेळ थांबल्या.

डोळे उघडले तेव्हा ऊन होते आणि घरघर प्रतापगडाच्या बाजूला विरत चालली होती.

जमिनीवर चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या. त्यांत पाणी साचले होते. ठमाबाईंनी बोट बुडवून जिभेला लावले. खारट.

त्या धावतच वर आल्या. येसाजी होते. पांडू होता. मास्तर ओट्यावर डोके धरून बसले होते. शकू माजघरात कणगीला टेकून बसलेली, डोळे उघडे, श्वास चालू. ठमाबाई दारोदार फिरल्या; पंचवीस घरांतला प्रत्येक माणूस हाक मारून बाहेर काढला, चेहरा पाहिला. एकही कमी नव्हता. त्या अंगणात बसल्या आणि इतक्या दिवसांत प्रथमच मोकळेपणी रडल्या. मुलगा पुढे गेला होता. पण नुसताच गेला होता; कुणाला घेऊन नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी पळसाची पाने आणायला निघाले. वाटेत त्यांना भागोजी भेटला. दोघे परत आले.

"सतरा नंबर. आंबेकोंड. उतारू बारा."

ठमाबाईंनी कागद दोनदा वाचला. मग पुन्हा साऱ्यांना हाका मारल्या, पुन्हा चेहरे पाहिले. सगळे होते. आजारी म्हातारीसुद्धा काठी टेकत आली.

"चुकलं असंल तारेत," येसाजी म्हणाले.

शकू ओट्यावर येऊन नेहमीच्या जागी बसली होती. पोटावर हात होता. ठमाबाईंची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

"तार वाचली, तरी लाथ मारली नाय आज?" त्यांनी विचारले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

शकूने मान हलवली आणि कुणी जागे होऊ नये अशा बेताने हळूच म्हणाली,

"निजलंय, आत्याबाय. काल दुपारधरनं निजलंय."