गुडघ्याचं माप

गळ्याला चिमटा घेऊन सांगते पोरींनो, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझे उरलेसुरले तीन दात आत्ताच्या आत्ता पडोत. बघा, हलताहेत का? नाही ना? मग ऐका.

मी तेव्हा बावीस वर्षांची. डॉक्टरांकडे मलमपट्टी करायचे. वर दवाखाना, खाली व्यायामशाळा. खाली कुणी वजन टाकलं की वर औषधाच्या बाटल्या थयथय नाचायच्या. एकदा तर डॉक्टरांची कवळी ग्लासातून उडाली ती थेट पेशंटच्या मांडीवर! हसू नका, मीच उचलली.

एका संध्याकाळी तो दारात आला. खांदे असे, की आत येताना तिरकं व्हावं लागलं. हातात जाड इलास्टिकच्या दोन लांबलचक पट्ट्या.

"सिस्टर, एवढ्या गुडघ्यांना गुंडाळून देता? माझा व्यायामाचा जोडीदार बदली होऊन गेला. आपल्या हातानं घट्ट बसत नाहीत."

"लागलंय कुठं?"

"लागू नये म्हणूनच."

मी आपली नेहमीसारखी हळुवार गुंडाळायला लागले. तो कसनुसं हसला. "जखम नाहीये हो सिस्टर... ओढा! जीव खाऊन ओढा."

"कळ येईल."

"यायलाच हवी."

मग काय, टेबलाला पाय टेकवला आणि ओढली. त्याचे डोळे पांढरे झाले, पण म्हणाला, "वा!" असं 'वा' मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

दोन्ही गुडघे बांधून झाले आणि मग आमच्या लक्षात आलं, की आता याचा पायच वाकत नाही, हा जिना उतरणार कसा? कठड्याला धरून करकोच्यासारखा उतरला बिचारा! दुसऱ्या दिवसापासून मीच खाली जायला लागले. रोज सहाला, डॉक्टर चहा घ्यायचे तेवढ्यात.

पट्टीचा नियम असा — खांद्यावर वजनांचा बार घेऊन बैठक मारायच्या आधी गुंडाळायची, बैठक झाली की लगेच सोडायची. नाहीतर पाय बधीर. मला तो नियम मुळीच पसंत नव्हता. गुंडाळायला एक मिनिट, सोडायला त्याहून कमी... एवढ्यात माणसानं काय बोलावं? मी मुद्दाम हळू सोडायचे. तोही घाई करायचा नाही. एकदा तर त्याचा पाय जांभळा पडला.

"अहो, सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलत होता ना..."

"काय बोलत होते मी?"

"आठवत नाही. पण चांगलं होतं."

घरी आई विचारायची, तुझ्या हाताला हा वास कसला? रबराचा, आणि पकड सुटू नये म्हणून तो हाताला चोळायचा त्या खडूच्या भुकटीचा. मी तो धूतच नव्हते ना!

मग एक दिवस तो फॉर्म घेऊन वर आला. "सिस्टर, पुढच्या स्पर्धेत पट्ट्या चालणार नाहीत म्हणे. स्लीव्ह मागवायच्यात. जरा माप घेता?"

स्लीव्ह म्हणजे जाड रबरी कापडाचं नळकांडं. मोज्यासारखं आपलं आपण चढवायचं, व्यायाम संपेस्तोवर काढायचं नाही.

"म्हणजे... बांधायला कुणी नको?"

"नको." तो फॉर्मकडेच बघत होता. "तुमचा त्रास वाचेल."

त्रास म्हणे! मी टेप लावली. सोळा इंच. लिहिलं, पाकीट चिकटवलं... आपल्याच हातानं.

पट्ट्यांची सवय मोडायची म्हणून त्यानं त्या त्याच दिवशी बंद केल्या. हलकी वजनं, उघडे गुडघे. पार्सल यायला सहा आठवडे लागणार होते. खाली जायला मला आता कारणच उरलं नाही. काय सांगायचं — सहज आले? सहा वाजले, की मी कपाटाशी उभी. खोकल्याच्या औषधाची बाटली सगळ्यांत आधी किणकिणायची. तिला मी पुढे आणून ठेवली होती. ती वाजली की समजायचं... आहे तो.

आणि एक दिवस जिन्यावर धप्, धप्! तो एका पायावर उड्या मारत वर आला. स्लीव्ह पोटरीवर अडकलेली.

"कंपनीवाल्यांना अक्कल नाही! चौदाच्या पाठवल्या!"

"मग परत पाठवा की."

"स्पर्धा पंधरा दिवसांवर आली... चढवून द्याल?"

मी ओढलं, त्यानं ओढलं, शेवटी डॉक्टरांनी माझ्या कमरेला धरून ओढलं! एकेक चढवायला दहा मिनिटं, काढायला बारा. कुठं ते पट्टीचं एक मिनिट आणि कुठं हा पाऊण तास, दोन्ही पायांचा धरून! रोज सहाला मी परत खाली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुसरी स्लीव्ह फटकन निघाली आणि मी मागच्या मागे पडले. त्यानं हात दिला. मी उभी राहिले, तरी हात सोडला नाही.

"आता मापाच्या मागवा," मी म्हटलं. मान खालीच.

"नाही मागवणार."

"का?"

"मापाच्या आल्या तर... तू येशील का खाली?"

'सिस्टर' कुठं गेली, 'तुम्ही' कुठं गेलं... वर सगळ्या बाटल्या एकदम वाजल्या. आणि खाली कुणी वजन टाकलेलं नव्हतं, शपथ!

"येईन," मी म्हटलं.

स्पर्धेत तिसरा आला. लग्नानंतर चाळीस वर्षं, येईल त्या पाहुण्याला हेच सांगायचा, "कंपनीवाले गाढव लेकाचे, पण उपकार झाले." दोन वर्षं झाली त्याला जाऊन. त्या स्लीव्ह आता मी घालते, जिना चढताना. रबर पार जुनं झालंय, चार ठिकाणी टाके घातलेत. पण चढवायला कुणी लागत नाही. बेतून घेतल्यासारख्या बसतात.

थांबा... हा दात हलायला लागला की काय? बरं बाई, कबूल. एवढी एकच गोष्ट मी लपवली — कंपनीनं काही चूक केली नव्हती. टेप सोळाच म्हणत होती. फॉर्मवर मी माझ्या गुडघ्याचं माप लिहिलं.

त्याला कधी सांगितलं नाही. आता भेटला की सांगेन. ओरडेल थोडा... ओरडू दे. आवाज तरी ऐकू येईल.