साबुदाणा भिजला नव्हता

या जेवणातून श्यामलाबाईंना मिळवायचं होतं ते एवढंच... मुलगा-सुनेच्या टेबलाशी एक खुर्ची. त्याची किंमतही त्यांनी मनाशी ठरवून ठेवली होती : एक खोटा उपवास.

गेल्या दिवाळीत इंदिरानगरच्याच एका हॉटेलात त्यांनी वेटरला विचारलं होतं, भाजी नि मटण एकाच कढईत करता का... आणि ऑफिसच्या मैत्रिणींसमोर मुग्धाचा चेहरा उतरला होता. आईंना घेऊन आता बाहेर जाणं नको, असं ती घरी येऊन तनयला म्हणाली, ते बाईंनी आतून ऐकलं. ताटात शाकाहारी असलं की त्या दोघांना पुरे; स्वयंपाकघरात आणखी काय शिजतं, ते तनय-मुग्धा पाहत नसत. तेव्हापासून बाहेर जेवायचं ठरलं की बाईंना नेमका उपवास यायचा. खायचंच नाही म्हटल्यावर वेटरला काही विचारणंही नाही, मग त्यांनाही सोबत नेलं जायचं. असा चार वेळा आला. देवही चक्रावला असेल!

आज रविवार दुपार, मुग्धाचा वाढदिवस; तिघं हॉटेलात. समोर पनीर, मशरूम, गरम रोट्या. बाईंपुढे नुसता पाण्याचा ग्लास. निघताना सवयीने मधुमेहाची गोळी घेतली गेली, एवढंच गणित चुकलं होतं. तळव्यांना घाम सुटला, बोटं कापू लागली... आत्ता इथे पडले तर पोरीचा दिवस नासेल, या एकाच धास्तीने त्या हसत राहिल्या.

मुग्धाने त्यांची कापरी बोटं पाहिली आणि घास खाली ठेवला.

"आई, आज कसला उपवास?"

"नवस आहे गं एक."

"काल साबुदाणा भिजला नव्हता. मागच्या वेळीही..." बोलता बोलताच तिला सगळं उमगलं. तिने टेबलावरच्या साखरेच्या पुड्या फोडून पाण्यात ढवळल्या, ग्लास बाईंच्या ओठांना लावला. कापरं थांबल्यावर तिने वेटरला हाक मारली. देवाप्पा निपाणीकडचा, या कानडी शहरात मराठी ऐकून मघाच खुलला होता.

"अण्णा, भाजीची कढई वेगळी असते का?"

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. या वेळी मुग्धाने मान खाली घातली नाही.

"खरं सांगू अक्का? एकच असते."

"मग सगळं बांधून द्या."

समोरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या शुद्ध शाकाहारी इडली-डोशाच्या हॉटेलात, सगळे उभ्याने खात होते. एकुलतं एक स्टूल मुग्धाने बाईंसाठी मिळवलं.

"मला आधी सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं असतं, तर नेलं असतंस मला?"

आपली इडली मुग्धाने बाईंच्या ताटलीत ठेवली, आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर सांबारावर फोडलं.

दोन्ही बिलं तनयने भरली. पण आधीची चार जेवणं श्यामलाबाईंनी उपाशी राहून चुकती केली होती, आणि पाचव्यापायी मुग्धाने आपला वाढदिवस दिला.