फाटकावरचा धोटा

आधीच सांगून टाकते, मी गर्विष्ठ आहे. आणि मला त्याचं काहीएक वाटत नाही.

त्या सकाळी नागपुरात माझ्या ऑफिसच्या वाटेवरचं रेल्वे फाटक बंद होतं. सगळे गाड्या बंद करून उन्हात उभे. शेजारच्या बाइकवरच्या मुलाने मोबाइल काढला, माझी नजर त्याच्या स्क्रीनवर गेली आणि तिथेच राहिली... तो माझा गेम खेळत होता.

'धोटा'. मी बनवलेला. माझी आई उमरेडला मागावर करवती काठाच्या साड्या विणते. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन तिचा धोटा इकडून तिकडे धावताना बघत मी मोठी झाले. गेममध्येही तेच – धोटा फेकायचा, रंग जुळवायचे, काठाचे करवतीसारखे दाते पाडायचे. नोकरी सांभाळून, सगळे रविवार जाळून केला होता. आजवर खेळणारे सगळे घरचे नाहीतर मैत्रिणी. हा पहिला परका माणूस.

"कसा आहे हो हा गेम?" मी विचारलं. स्कार्फमुळे माझे फक्त डोळे दिसत होते ते बरंच झालं.

"मस्त आहे. पण बनवणाऱ्याले अक्कल नाही."

माझी कानशिलं तापली. "काहून?"

"मी फिजिओथेरपिस्ट आहो, पेशंटच्या घरोघरी फिरतो. मधे एवढासाच वेळ भेटते. फाटक उघडलं की मोबाइल खिशात, अन् परत काढला तर डाव पहिल्यापासून. थोडासा खेळला तरी वाया नाही गेला पाहिजे ना."

"मग दुसरा शोधा."

"लय शोधले. सगळ्यांचा कंटाळा येते. हा सुटत नाही, म्हणून तर राग येते."

फाटक उघडलं. गेम माझा आहे हे मी तिथेच सांगू शकले असते. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो गोड बोलला असता, आणि मला गोड नको होतं, खरं हवं होतं.

त्या रागातच सुट्टीला उमरेडला गेले. आई चहासाठी मागावरून उठली. परत आली, आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे विणायला लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर पाहिलेलं, आणि गेममध्ये नेमकं तेच विसरले होते. मग तसंच केलं. कुठेही थांबा, साडी तिथूनच वाढणार. आणि पदर कसा उतरणार, ते शेवटपर्यंत कळणार नाही.

"बनवणाऱ्याले अक्कल आली वाटते," पुढच्या आठवड्यात फाटकावर तो म्हणाला. मी दिवसभर हवेत होते.

मग काय, फाटक बंद सापडावं म्हणून मी वेळ साधून घरून निघू लागले. मी! एव्हाना तो प्रशिक झाला होता, मी हर्षा, आणि स्कार्फ हनुवटीखाली आला होता.

"काल दिसली नाही तू," तो म्हणायचा.

"वाट पाहून राहिला होता काय?"

"फाटकाची..." पण कान लाल व्हायचे त्याचे.

एक दिवस तो न खेळता, मोबाइल नुसताच हातात धरून उभा होता. "रामटेकच्या दवाखान्यात नोकरी लागली. उद्यापासून हा रस्ता बंद."

आता नाही तर कधीच नाही.

"प्रशिक, तो गेम माझा आहे."

त्याने मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता हा शब्द फिरवून गोड बोलणार, मला वाटलं. फिरवला असता तर मी गाडी वळवून निघून गेले असते.

"हिरवा रंग भंगार आहे त्यातला," तो सावकाश म्हणाला. "अन् पदर पूर्ण झाला तेव्हा मी गाडी बाजूले घेऊन पाहत बसलो. ज्यानं केला त्याले एकदा भेटावं वाटलं होतं."

पदर उतरला की आईही अशीच माग थांबवून बघत बसते, ते मला आठवलं.

"आवडतो तू मले," मी म्हटलं. मान वर ठेवूनच म्हटलं.

"असं फाटकावर सांगते काय वं कोणी?"

"मग कुठे सांगू? तू चालला रामटेकले."

"संध्याकाळी नागपूरलेच येतो ना मी... रोज."

"हिरवा बदलणार नाही," मी बजावलं.

"नको बदलू," तो हसला. "भांडायले काही तर राहू दे आपल्याले."