सोबतीची सोय

एकट्या माणसाने मुक्कामाची जागा निवडताना आधी खिडकी पाहावी, पाणी पाहावे, असे लोक सांगतात. मी आधी काउंटर पाहतो. काउंटरवरचा माणूस पेन हातात घेण्याआधी काय विचारतो, ते पाहतो. 'नाव?' एवढ्यावर थांबला तर ठीक. 'पुढं?' असे विचारले तर बॅग खाली ठेवायची नाही.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. (आहे, असे लिहून गेलो. राहू द्या.) महिन्यातले निम्मे दिवस फिरतीत जात. पूर्णा, सोनपेठ, जिंतूर. दुकानातले तराजू बघायचे, झिजलेली वजने बाजूला काढायची. अंदाज या शब्दाचा मला पहिल्यापासून राग. हे सांगतो, कारण पुढचे जे आहे ते अंदाजाने लिहिलेले नाही.

एकोणनव्वदचा जानेवारी. जिंतूरच्या स्टँडसमोरचे लॉज.

"एकटेच?"

"हो."

"नाव?"

सांगितले.

"पुढं?"

तेही सांगितले. त्याने पेन कानावर खोचले.

"एकट्याला खोली देत न्हाई, सायब. लोकं येतेत, आतून कडी लावतेत अन् फास घेऊन मोकळे. पोलिसाच्या चकरा आमाला."

मी दारातच उभा होतो. मागून औषधाच्या कंपनीचा एक एजंट आला. तोही एकटा. त्याला किल्ली मिळाली.

"ते नेहमीचे हायेत," लॉजवाला मी न विचारताच म्हणाला.

म्हणून एकट्या माणसाला माझा सल्ला असा की, जिथे तिकीट लागते अशी जागा निवडावी. सर्कस, सिनेमा, जत्रेतला पाळणा. तिकीट फाडणारा माणूस तोंडाकडे बघत नाही. चारठाण्याच्या अलीकडे नुकतेच 'मौजवन' झाले होते. बागबगीचा, लहान मुलांची आगगाडी, सिमेंटचे हत्ती, आणि आतच राहायच्या खोल्या. वर्तमानपत्रात जाहिरात होती: सहकुटुंब या, विसरून जा.

कारण एवढेच असते तर मी पूर्णेला जाऊन फलाटावर झोपलो असतो.

मौजवन आमच्या गावावर बांधले होते.

*

गावाचे नाव लिहीत नाही. आता सगळे त्याला मौजवनच म्हणतात.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून, आमची वस्ती जाळली. मी तेव्हा औरंगाबादेत शिकत होतो. माय बाकीच्यांबरोबर ट्रकमधून परभणीला पोचली, तिथून माझ्याकडे. बाप आला नाही. त्या वर्षी वेशीची पाळी आमच्या घराकडे होती.

पाळी म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्या लोकांपैकी एका घराने वर्षभर गावाच्या वेशीत बसायचे. परगावचा कोणी एकटा माणूस आला की त्याचे ओझे उचलायचे, त्याच्या मागून चालत त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे आणि तिथल्या माणसाच्या हवाली करायचे. शिवारातून एकटा कोणी जायचा नाही. वर्ष संपले की पुढच्या घरचा माणूस येऊन वेशीतल्या दगडावर बसणार, मग आधीच्याने उठायचे. वेस रिकामी ठेवायची नाही. सरकारने हे कधीच मोडीत काढले होते. आमच्यातल्या बहुतेकांनीही सोडले होते. बापाने सोडले नव्हते. "कायदा गेला, पर वेस हाय ना जाग्यावर," म्हणायचा.

घर पेटले तेव्हा माय त्याला ओढायला वेशीत गेली होती. तो म्हणाला होता, "पाळी सोडून येऊ कसा? लोक काय म्हनतील?"

कोणते लोक, हे मायने विचारले नाही.

तो मेल्याचे कोणी सांगितले नाही. जिवंत असल्याचेही नाही. भिवराबाई, माझी माय, त्यानंतर रोज सकाळी कुंकू लावते. लावताना हात थांबतो. गेल्या दिवाळीत मला म्हणाली, "एकदा बगून ये रं. हाय म्हन, न्हाई तर न्हाई म्हन. न्हाई म्हनलास तर पुसून टाकते. आसं मधी नगं ठिवूस मला."

*

बसमध्ये मी मौजवनचे तिकीट मागितले तेव्हा कंडक्टर मोठ्याने हसला. चंद्रभान त्याचे नाव, मागे एकदोनदा भेटलेला.

"मौजवन? अन् एकटेच? सायब, तितं लेकरं घेऊन जातेत, नवी बायको घेऊन जातेत. तुमी काय घसरगुंडी खेळायलाव का?"

"जमलं तर खेळतो."

"खेळा खेळा. पर मागून कुनी ढकलायला लागतंय त्याला!"

मागच्या बाकावरच्या बायासुद्धा हसल्या. मीही हसलो. बस रिकामीच परतते तिथून संध्याकाळी, असे काहीतरी तो पुढे म्हणाला.

दुपार होती. फाटकावर तिकीट घेतले. फाडणाऱ्याने तोंडाकडे पाहिले नाही.

*

खोल्या 'जुनं गाव' नावाच्या भागात होत्या. सिमेंटची वेस, पाटलाचा सिमेंटचा वाडा, सिमेंटचा कुंभार चाकावर वाकलेला, सिमेंटच्या बैलांना निळा रंग. खोल्यांना नावे होती: सुतारवाडा, तेलीआळी, कुंभारवाडा. सगळे गाव कोणीतरी नीट आठवून, जागच्या जागी बसवले होते. मी चालत ओढ्याच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे आमची घरे होती.

तिथे तळे होते. तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या. एका बदकात नवराबायको पाय मारत बसली होती आणि बदक जागच्या जागी फिरत होते.

बन्सीधर नावाचा मॅनेजर होता. गोरा, सोज्ज्वळ, तोंडात बडीशेप.

"एकटेच का?"

मी बॅग उचलली. उत्तर मला पाठ होते.

"आसू द्या की," तो म्हणाला. "एकट्या पाहुण्याला आमच्याकडं सोबतीची सोय हाय. तुमाला कुंभारवाडा देतो."

"सोबत म्हणजे?"

"तरास न्हाई काई. बोलत न्हाई, मागत न्हाई. मागं मागं आसती. जाताना शिवेपर्यंत पोचवती."

"नोकर ठेवलाय?"

"मालकानं न्हाई ठिवला." त्याने बडीशेप चघळली. "आमी आलो तवापासून हायच."

त्याने मला पुढचे नाव विचारले नाही. त्याचे मला बरे वाटले, हे नोंदवून ठेवतो.

*

खोलीकडे जाताना वाटेवर खडी होती. माझ्या बुटांचा आवाज. त्यामागे दुसरा.

मी थांबलो, तो थांबला. सिमेंटच्या भिंतींवरून आवाज उलटतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी हिरवळीवर उतरून चाललो. मागे गवत दबल्याचा आवाज. बुटाचा नव्हे, अनवाणी पायाचा. काठी टेकल्याचा. मी वळून पाहिले. हिरवळीवर माझ्या बुटांचे ठसे होते आणि त्यांच्या बरेच मागे, डाव्या बाजूला, गवत हळूहळू उभे राहत होते.

ओल्या घोंगड्याचा वास आला. जानेवारीचे कडक ऊन होते.

खोलीच्या पायरीशी मी बॅग खाली ठेवली आणि कुलूप काढले. वळलो तर बॅग दाराच्या आत, भिंतीला टेकून ठेवलेली.

मी आत गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो. बसलेल्या माणसाला भीती कमी वाटते, असा माझा अनुभव होता.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच सरजाबाई जेवण घेऊन आली. जवळच्या वाडीची, स्वयंपाकाला होती. ताटात पिठले, ठेचा, ज्वारीच्या भाकरी. ताट माझ्यापुढे ठेवले. मग तिने पदराआडून एक वेगळी अर्धी भाकर काढली, पायरीच्या कडेला गेली आणि कमरेएवढ्या उंचीवरून ती खाली टाकली.

"हे काय, मावशी?"

"सोबतीचा वाटा."

"अन् असा वरून टाकता?"

"हातात दिली तर घेत न्हाई, सायब. ताटात वाढली तर शिवत न्हाई. समदं करून बगितलं मी. दया येती हो." तिने हात पदराला पुसले. "वरूनच घ्यायची सवय दिसती त्याला."

मी पायरीच्या कडेकडे बघत होतो. खाली फरशी होती.

भाकर पडल्याचा आवाज आला नाही.

मग खोकला ऐकू आला. कोरडा, दोनदा थांबून येणारा, शेवटी घसा साफ करून 'हं' म्हणणारा. सरजाबाईने ऐकला नसावा. ती ताटाकडे बघत म्हणाली, "खावा की. निवायलंय."

मी खाल्ले नाही. त्या खोकल्यावर लहानपणी मी जागा होत असे.

*

उजाडल्यावर वेशीत गेलो. दव होते. आगगाडीच्या इंजिनावर कावळा बसला होता. वेस सिमेंटची, पण तिच्या उजव्या अंगाचा दगड जुनाच होता. तो कोणी हलवला नव्हता.

दगडावर तो बसला होता.

पुढून बघितले की मला दिसत होता, एवढेच. मांडीवर काठी. डोक्याला तेच फडके. मी वयाने वाढलो होतो, तो वाढला नव्हता. आम्ही भावांसारखे दिसलो असतो.

त्याने माझे बूट पाहिले. वर पाहिले नाही. घाईने उठला, वाकला.

"जोहार, मायबाप."

मी आणखी जवळ गेलो.

"कुनीकडं जायाचं, मायबाप? वज्जं द्या."

"बा. मी हाय."

तो वाकलेलाच राहिला. मग मान थोडी वर आली. माझ्या शर्टाची बटणे, खिशातले पेन, मग तोंड.

"एवडा कदी झालास रं?"

"चल बा. माय वाट बघायलीय."

"कुंकू लावती का?"

"लावती."

"लावू दे." तो पुन्हा दगडावर बसला. "पाळी हाय."

"पाळी संपली. दहा वर्षं झाली."

"संपली की. फुडं ग्यानबाच्या घराची होती. आलाच न्हाई त्यो. म्या रोज बगतो वाटंकडं. तुला भेटला व्हता का?"

ग्यानबा परभणीत हमाली करता करता मेला होता. मी तसे सांगितले.

"आरारारा." त्याने वाटेकडे पाहिले. "मग कोन यील आता? वेस रिकामी ठिवून उठू कसा म्या?"

"कोणाची वेस, बा? त्यांनीच तर—"

"लोक हायेत की. एकटी मानसं येतेत. त्यायला कोन नेनार?"

पाय सुजले होते त्याचे. भेगांतून माती. घोटे दिसत नव्हते.

लहानपणी मी शाळेतून येताना वेशीत थांबायचो. तो तहानलेला असायचा. मी दगडावर बसायचो, तो घरी जाऊन पाणी पिऊन यायचा. दमलेल्या बापाला आमच्यातला कोणताही पोरगा म्हणतो, तेच मी म्हणालो. त्यात काही विचार नव्हता.

"तू जा बा. मी बसतो हितं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले.

"बसतूस?"

"बसतो."

"घरचाच हायेस," तो स्वतःशी म्हणाला. "चालतंय."

तो उठला. मी बसलो.

दगड गरम होता.

*

"पायात घाल," म्हणून मी बूट काढून दिले. त्याने घातले. सूज असूनही बरोबर झाले. माझी बॅग त्याने खांद्याला लावली. काठी माझ्या मांडीवर ठेवली.

"मायला सांग," मी म्हणालो.

"काय सांगू?"

मी काठी दोन्ही हातांनी धरली.

तो खडीवरून निघाला. बुटांचा आवाज येत होता.

रस्त्यावर जिंतूरची बस आली. एक माणूस उतरला. चंद्रभान दारात उभा होता.

"आलात का सायब?" तो बापाला म्हणाला. "बसा, खिडकी धरा. जागाच जागा हाय आज."

बाप पुढच्या बाकावर बसला. पाठ ताठ. इकडे बघितले नाही.

माय कुंकू पुसणार नाही आता. मी तेवढेच उत्तर आणायला आलो होतो.

बस वळली. मी उठलो.

उठलो, पण वेशीच्या बाहेर पडायला निघालो नाही. उतरलेला माणूस आत येत होता, आणि माझे दोन्ही हात पुढे झाले होते.

बन्सीधर त्याच्याबरोबर होता. काल माझ्याशी बोलला तसाच गोड बोलत होता.

"एकटे आसला तरी काळजी नगं. सोबतीची सोय हाय."

"कुठे आहे?"

"बॅग सोडा की हातातली."

"मी निरीक्षक आहे," मी म्हणालो. "वजनमापे खात्यात." मग माझे नाव सांगितले. पुढचेही सांगितले, मोठ्याने.

बन्सीधर बडीशेप शोधत होता.

पाहुण्याने बिचकत बॅग सोडली. ती जमिनीवर पडली नाही. त्याने एकदा पाहिले, मग दुसरीकडे पाहिले. शिकलेला असावा, कारण काही म्हणाला नाही. कुंभारवाड्याकडे चालू लागला.

मी त्याला गाठायला झपाझप चाललो. त्याच्या शेजारून चालायचे, त्याच्या खांद्याला खांदा लावून, म्हणजे मी दिसेन, असे मी ठरवले होते.

पाय त्याच्या मागेच राहिले.